पाच पैसे नऊ इंचांवर आणि पंचम जॉर्जचा पाव आणा दोन इंचांवर, हे कसं काय?

कोलबाडकर
रविवार, रात्री १०:४२

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे पण तीन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून टाकतोय.

माझं आजोळ घणसोली गावठाणात. मामांचं जुनं कौलारू घर आता पाडायचंय, तिथे तीन मजली होणार. मामेभाऊ बोटीवर असतो, या वेळी येताना तो मेटल डिटेक्टर घेऊन आला, म्हणे घर पाडायच्या आधी आजीने कुठे काही पुरून ठेवलंय का बघू. हंडा वगैरे काहीही मिळालेलं नाही हे आधीच सांगतो, नाहीतर उद्या नातेवाईकांचे फोन सुरू होतील. खिळे, बाटल्यांची झाकणं, बिजागऱ्या, कौलाखालची तार आणि सुट्टी नाणी, एवढंच.

पण नाण्यांची खोली बघून डोकं चक्रावलं. पुढच्या अंगणात ओटीच्या पायरीपासून दोन हातांवर चौकोनी अॅल्युमिनियमचे ५ पैसे मिळाले, १९७१ चे, आणि खोली फुटपट्टी लावून बघितली तर नऊ इंच. मागच्या पडवीबाहेर पंचम जॉर्जचा पाव आणा, १९३० चा, तो फक्त दोन इंचांवर, बारीक खडीत असा पडलेला की पायाने उकरला असता तरी मिळाला असता. केळीच्या बुंध्याशी भोकाचा पैसा (१९४४) पाच इंचांवर. आणि सगळ्यात कहर म्हणजे विहिरीजवळ ते अकरा कोनांचं नकाशावालं दोन रुपयांचं नाणं चौदा इंच खाली! ते तर माझ्या कॉलेजच्या वेळचं नाणं आहे हो.

म्हणजे जितकं जुनं तितकं वर आणि जितकं नवं तितकं खाली, असा उलटाच कारभार. मामा म्हणतात "आरं जड वस्तू खाली जानारच", पण मग दीड ग्रॅमचं अॅल्युमिनियम सगळ्यात आधी वर राहायला नको का? शिवाय मशीनच्या स्क्रीनवर ५ पैशांची खोली चार इंच दाखवत होती आणि आम्ही आपले खणतोय खणतोय. कोणाला काही माहिती आहे का?


बिनधास्त_विटावा
रविवार, रात्री ११:०५

गुरुत्वाकर्षण भाऊ, दुसरं काय. पाण्यात पैसा टाकला की बुडतो ना, मातीतही बुडतो, फक्त हळूहळू. पावसाळ्यात माती ओली झाली की थोडा खाली, परत ओली झाली की अजून थोडा. अॅल्युमिनियमचं कोणीतरी लहानपणी खड्डा करून पुरलं असणार, आम्ही पण पुरायचो, पैशाचं झाड येईल म्हणून. केस क्लोज.


माती_ताई
सोमवार, सकाळी ७:१८

विटावा, एवढ्यात केस क्लोज करू नका 😀 मी दापोलीला कृषी विद्यापीठात शिकले, मातीचा विषय होता, म्हणून बोलते.

आधी बुडण्याचा हिशोब करून बघा. पाव आणा साधारण पाच ग्रॅमचा, एक इंच रुंद, म्हणजे तो जमिनीवर दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम एक ग्रॅम भार टाकतो. पाच पैसे तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. आता साठ किलोचा माणूस अंगणात एका पायावर उभा राहिला तर दर चौरस सेंटीमीटरला तीनशे-चारशे ग्रॅम पडतात. माणूस खचत नाही तिथे पैसा काय खचणार? घट्ट मातीत कण एकमेकांना टेकलेले असतात, त्यांना बाजूला सारून खाली जायचं तर जोर लागतो आणि तेवढा जोर नाण्याच्या वजनात नसतोच. त्यामुळे जड-हलक्याचा प्रश्नच येत नाही, खापरीचा तुकडा, मणी, बटण आणि रुपया सगळे सारखेच.

मग नाणं खाली कसं जातं, तर ते फारसं जातच नाही, त्याच्यावर माती चढते. आणि हे काम मुख्यतः गांडुळं, वाळवी, मुंग्या करतात. पावसाळ्यात गवतात बारीक गोळ्यांचे ढीग दिसतात ना, ती गांडुळांनी खालून वर आणून टाकलेली माती. नाणं काही त्यांना गिळता येत नाही, त्यामुळे ते जागेवर राहतं, खालची माती थोडी थोडी निघून जाते, वरती थर बसत जातो. खालची बिळं ढासळली की नाणं बोटभर खाली बसतं ते वेगळंच. चार्ल्स डार्विनने हे मुद्दाम करून बघितलंय, घराजवळच्या कुरणात १८४२ च्या डिसेंबरमध्ये खडूचे तुकडे पसरले आणि १८७१ च्या नोव्हेंबरात चर खणला, तर पांढऱ्या तुकड्यांची रेघ सात इंच खाली. एकोणतीस वर्षांत सात इंच, आणि तो खडू होता, काही जड धातू नव्हे.

पण हा आकडा उचलून घणसोलीला लावू नका हं. ते इंग्लंडमधलं ओलसर कुरण, बारा महिने गवत. तुमच्या केळीच्या बुंध्याशी मात्र हे लागू पडेल, मोरीचं पाणी तिकडे सोडलेलं असेल तर गांडुळांची चंगळच, भोकाचा पैसा पाच इंच गेला त्यात काही नवल नाही. अंगणातल्या नऊ इंचांचं कारण मात्र गांडूळ असेल असं मला वाटत नाही, चोपलेल्या कोरड्या अंगणात ती फारशी राहतच नाहीत.

एक विचारते, अंगण सारवायचे का तुमच्याकडे? आणि केव्हापर्यंत?


बीप_बीप_ऐरोली
सोमवार, दुपारी १:३०

मी चार वर्षं हे मशीन वापरतोय (स्वतःच्या गावच्या शेतात, बाहेर कुठे नाही, आधीच सांगतो), तर स्क्रीनवरच्या खोलीबद्दल लिहितो कारण नवीन माणूस तिथेच फसतो.

मशीनला खोली मोजता येत नाही हो. त्याला फक्त सिग्नल किती जोरात आला एवढंच कळतं, आणि मग ते धरून चालतं की खाली एक नेहमीच्या आकाराचं नाणं आडवं पडलंय, आणि त्यावरून अंदाज मारतं. म्हणजे नाणं उभं, कडेवर असेल तर सिग्नल कमी येतो आणि मशीन म्हणतं खोल आहे. उलट मोठी वस्तू खोल असेल तर जोरात वाजतं आणि मशीन म्हणतं वरच आहे. मी एकदा "तीन इंच" बघून खणायला लागलो आणि दीड फुटावर नांगराचा फाळ निघाला, पाठ धरली ती वेगळीच.

लहान वस्तूचा सिग्नल अंतराबरोबर किती पटकन मरतो ते पण लक्षात घ्या. वस्तू कॉइलच्या (मशीनच्या टोकाची गोल तबकडी) आकारापेक्षा जरा लांब गेली की अंतर दुप्पट झाल्यावर सिग्नल साधारण चौसष्टावा हिस्सा उरतो. दुप्पटला निम्मा नाही, चौसष्टावा! त्यामुळे नऊ इंचांवरचं ते चिमुकलं पाच पैसे तुमच्या मशीनला दिसलं हेच मला जरा जास्त वाटतंय. मला शंका आहे ती अशी, ते वरच होतं, तुमच्या खड्ड्याच्या बाजूच्या मातीत, आणि खणताना घरंगळून तळाला गेलं. हे फार होतं. खड्डा खोल होत जातो, बाजूने माती सुटते, नाणं खाली पडतं, आणि आपण ते तळातून उचलून म्हणतो बाप रे नऊ इंच. नाणं मिळालं तेव्हा मातीत घट्ट रुतलेलं होतं की सुट्ट्या मातीत लोळत होतं?

अजून एक म्हणजे आपल्याकडची माती. सगळा काळा पाषाण, त्यात लोहाचे चुंबकी कण, त्यामुळे मशीन जमिनीशीच बडबड करत बसतं. आणि कौलारू घराभोवती कौलांचे तुकडे, ती भाजलेली माती पण मशीनला फसवते. ग्राउंड बॅलन्स (मशीनला आधी तिथल्या मातीची सवय करून देणं) न करता फिरवलंत तर स्क्रीनवरचा आकडा म्हणजे ज्योतिषाचा आकडा.


बिनधास्त_विटावा
सोमवार, दुपारी २:१०

ताई मान्य, अंगणाचं मान्य. पण खाडीचं काय? माझे आजोबा मिठागरात कामाला होते, ते सांगायचे की खाजणात (खाडीकाठच्या चिखलात) विळा पडला तर पाच मिनिटांत हात घातला तरच मिळणार, नंतर कोपरापर्यंत हात घालून पण नाही. तिथे बुडतंच ना?


माती_ताई
सोमवार, संध्याकाळी ६:४५

तिथे बुडतं, आजोबा बरोबर सांगायचे. खाजणातला चिखल म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक कण, ते एकमेकांना धड टेकलेलेच नसतात, तिथे माणूसही मांडीपर्यंत जातो. ज्या जमिनीत आपला पाय जातो त्याच जमिनीत वजनाला किंमत असते, असं समजा. समुद्राच्या वाळूतही तेच, लाट येते तेव्हा वरची वाळू पाण्यासारखी हलते, त्यात सोन्याची अंगठी झपकन खाली जाते आणि अॅल्युमिनियमचं नाणं लाटेबरोबर इकडेतिकडे फिरत राहतं. खाली शिंपल्यांचा किंवा चिकणमातीचा घट्ट थर लागला की मात्र दोघंही तिथे थांबतात.

भातशेतीचं तर मला विशेष गंमतीचं वाटतं. चिखलणी करताना वरची वीतभर माती अगदी कढीसारखी होते आणि तिच्या खाली वर्षानुवर्षं बैलांच्या पायांनी, नांगराने बसलेला कडक थर असतो, त्यामुळेच तर पाणी खाचरात टिकतं. तिथे पडलेला पैसा पहिल्याच पावसाळ्यात वीतभर जाईल आणि मग पन्नास वर्षं तिथेच बसेल. म्हणजे १९२० चा आणि १९७० चा पैसा एकाच पातळीवर! खोलीवरून वय सांगणारे तिथे हमखास तोंडावर पडतात.

(घाटावर काळ्या मातीत अजून निराळं. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पैसा पडला की थेट दोन फूट, पाऊस आला की भेग बंद. पण ते आपल्याकडे नाही.)


साईटवाला_नेरुळ
सोमवार, रात्री ९:२०

नवी मुंबईत वीस वर्षं साइटवर काढली, त्यामुळे थोडं आमच्या धंद्यातलं.

इकडे "जमिनीची पातळी" ही गोष्टच नाही हो. १९७० ला सिडको आली, गावांच्या जमिनी घेतल्या, खाजणं आणि मिठागरं भरली, रस्ते उंच केले आणि गावठाणं राहिली खड्ड्यात. मुरूम कुठून आला, तर डोंगरातल्या खाणीतून, दुसऱ्या साइटच्या पायातून, जिथून डंपर मिळेल तिथून. त्यामुळे सेक्टरमधल्या बागेत एखादं जुनं नाणं चार इंचांवर मिळालं तर ते तिथे कोणाच्या खिशातून पडलं असं समजू नका, ते डंपरमधून आलेलं असू शकतं. आणि त्या जागेचं खरं जुनं जे काही आहे ते भरावाच्या खाली, कुठलंही हातातलं मशीन तिथे पोचत नाही.

दुसरी गोष्ट, खड्डा खणला की माती उलटी होते. जेसीबी वरची माती आधी काढून बाजूला टाकतो, तिच्यावर खालची टाकतो, आणि भरताना ढिगाच्या वरची आधी खड्ड्यात जाते. म्हणजे तळातली माती परत तळात जाईल असं वाटतं, पण प्रत्यक्षात ढीग घसरतो, कामगार जवळची माती आधी ओढतो, अर्धी माती दुसऱ्या दिवशी कुणीतरी घेऊन जातो, आणि शेवटी सगळी मिसळ. वरचं खाली, खालचं वर, मध्ये गुटख्याची पुडी.

तुमच्या विहिरीजवळच्या दोन रुपयांना माझ्या मते दुसरं कारणच नाही. चौदा इंच म्हणजे पाइपलाइनची खोली. मोटर बसवली असेल, विहिरीतून टाकीपर्यंत पाइप गाडला असेल. प्लंबर वाकला, वरच्या खिशातलं नाणं चरात गेलं, वर माती. मामांना विचारा मोटर कधी बसली.


फाइलवाला_काका
मंगळवार, सकाळी ८:०२

सगळे शास्त्र सांगतायत, मी जरा कायद्याचं सांगतो, रागावू नका. १८७८ चा निखात निधी (म्हणजे जमिनीत लपवलेलं धन) कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेल्या वस्तूंची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं, आणि हो, दहा रुपयेच, आकडा तेव्हाचाच आहे. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. घर स्वतःचं आहे म्हणून सुटका नाही. हंडा निघाला तर मामेभावाला आधी फोटो काढून सोशल मीडियावर टाकू नको म्हणावं.

आणि हे मशीन घेऊन किल्ला, लेणी, स्तूप असल्या संरक्षित ठिकाणी जायचं नाही म्हणजे नाही. तिथे १९५८ चा पुरातत्त्वाचा कायदा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, तिथे नाणं कुठल्या थरात होतं हीच खरी माहिती असते, उपटून काढलं की ती गेली. ठाण्याच्या किल्ल्यात १७८७ साली पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा ताम्रपट निघाला. ताम्रपटावर सालच कोरलेलं होतं म्हणून बरं, सुट्ट्या पैशाला जो थर असतो तोच त्याचा दाखला.

खोलीबद्दल माझे दोन आणे: पडलेलं आणि पुरलेलं यात फरक करा. पुरणारा माणूस रात्री, घाईत, एकटा खणतो, आणि हात पोचेल तेवढंच खणतो. तिथे गांडूळ आणि भराव यांचा काही संबंध नाही.


बिनधास्त_विटावा
मंगळवार, सकाळी ८:३०

काका दहा रुपये म्हणजे माझ्या कटिंग चहाची किंमत पण नाही 😂


कोलबाडकर
बुधवार, रात्री ११:५०

सगळ्यांचे आभार, काल सुट्टी टाकून परत गेलो होतो, लांबलचक लिहितोय, वाचा.

आधी बीप_बीप यांचा प्रश्न. नाणं घट्ट रुतलेलं होतं. मामेभावाने खुरप्याने काढलं तेव्हा मातीच्या ढेपेत चौकोनी खोबण उरली होती, मी बघितली, त्यामुळे घरंगळलेलं नाही. मशीनबद्दल मात्र तुम्ही बरोबर असणार, कारण काल त्याच खड्ड्यावर परत फिरवलं तर नाणं काढल्यावरही वाजतंय! पाच इंचांवर बाजूच्या भिंतीत लोखंडी कडी निघाली, बहुतेक बैलाच्या दाव्याची. म्हणजे आम्ही खणत होतो कडीसाठी आणि पाच पैसे निघाले ते नुसतं नशीब.

मग माती_ताईंचा प्रश्न मामीला विचारला, अंगण सारवायचात का. मामी जी सुरू झाली ती अर्धा तास. म्हणाली पाऊस गेला की दसऱ्यापासून हेच काम, पावसात धुपलेलं अंगण वरवर उकरायचं, शेताच्या बांधावरची माती दहा-बारा पाट्या आणून पसरायची, पाणी मारायचं, सगळ्या बायकांनी ओळीने बसून चोपण्याने चोपायचं आणि मग शेणाने सारवायचं. दर वर्षी. त्यातली निम्मी माती पुढच्या पावसात वाहून जायची, पण निम्मी राहायचीच ना. आणि मग सहज म्हणाली, "मी लगीन करून आले तवा ओटीला तीन पायऱ्या व्हत्या."

आता दोन आहेत!

मी म्हटलं मामी आठवणीत गडबड होत असेल, तर तिने ट्रंकेतून फोटो काढला, १९७६ चा, लग्नानंतर आठवड्याने काढलेला, आजी सगळ्यात खालच्या पायरीवर पाय सोडून बसलीये आणि पायऱ्या मोजल्या तर तीन. मामेभाऊ आणि मी कुदळ घेऊन जोत्याच्या कडेला लागलो. दोन इंचांवर दगड लागला. तिसरी पायरी. अख्खी, घडीव काळ्या दगडाची, कोपरा जरासा फुटलेला, फोटोतही तो फुटलेला दिसतो. तिच्या पायथ्यापर्यंत गेलो तर साडेआठ इंच. पाच पैसे नऊ इंचांवर. म्हणजे नाणं गेलंच नाही हो कुठे, १९७१ च्या आसपास जिथे पडलं तिथेच आहे, अंगण वर आलं आणि आजीची पायरी गिळली.

खड्ड्याची एक बाजू खुरप्याने सरळ कापली आणि पाणी शिंपडलं, तर असं दिसलं. सगळ्यात वर तीन बोटं भुसभुशीत धूळ, तिच्यात प्लॅस्टिक, फटाक्याचा कागद. मग इंच-दीड इंच लाल मुरूम, मामा म्हणाले बाहेरचा रस्ता उंच झाला आणि अंगणात पाणी घुसायला लागलं म्हणून १९९० ला एक ट्रॅक्टर मुरूम टाकला होता आणि सारवणं पण तेव्हापासून बंदच झालं. आणि त्याच्या खाली पिवळसर माती आणि काळपट रेघ, परत पिवळसर, परत काळपट, चिरोट्याचे पदर असतात तसे, बारीक, काही ठिकाणी तुटलेले. ती प्रत्येक काळी रेघ म्हणजे शेणाचं सारवण. मी मोजायला लागलो, अकरापर्यंत मोजल्या, मग त्या एकमेकीत मिसळत होत्या. मामी खड्ड्याच्या काठावर बसून बघत होती, बोलली काही नाही, नुसता एका रेघेवरून नखाने हात फिरवला.

साईटवाले साहेब, तुम्हाला साष्टांग. मोटर १९९७ ला बसली आणि पाइप बरोबर त्याच लाइनीत गेलाय, मामा म्हणाले प्लंबर नाही, चर त्यांनी स्वतःच खणला होता आणि दोन रुपये त्यांचेच, आता परत मागतायत.

राहिला जॉर्जचा पाव आणा. तो दोन इंचांवर का ते अजून कळलं नाही. मागे पडवीबाहेर काही सारवत नव्हते हे मान्य, पण शंभर वर्षांत काहीच माती चढली नाही?


माती_ताई
गुरुवार, सकाळी ७:०५

किती छान! ते पायरीचं वाचून सकाळ सार्थकी लागली.

पाव आणा जिथे मिळाला तिथे वर बघा, बरोबर कौलांची कड असेल. तुम्ही पहिल्यांदा लिहिलंत ना "बारीक खडीत", तेव्हाच मला वाटलं होतं. पागोळ्या! आपल्याकडे वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस, तो सगळा छपरावरून एका रेघेत खाली पडतो. बारीक माती उडून जाते, वाहून जाते, खडे आणि नाणी मागे राहतात. मातीच पुढे सरकली आणि पैसा तसाच मागे राहिला. तिथे अजून फिरवा मशीन, त्या रेघेतच बाकीचंही मिळेल, सुया, बटणं, सगळं.


कोलबाडकर
गुरुवार, सकाळी ९:१५

हो!! बरोबर पागोळीच्या रेघेत आहे. आत्ता मामेभावाला फोन करून विचारलं.

आता खरी गंमत. मामीने एक काम सांगितलंय. १९८३ ला गणपतीनंतर अंगण करताना तिची एक कुडी पडली, सोन्याची, लग्नातली. आख्ख्या घराने शोधली, माती चाळली, मिळाली नाही, सासूचं ऐकून घेतलं ते आजपर्यंत लक्षात आहे. ती म्हणते मशीनला सांग. मिळेल का?


बीप_बीप_ऐरोली
गुरुवार, दुपारी १२:४०

वरून फिरवलंत तर नाही मिळणार, स्पष्ट सांगतो. कुडीचं सोनं केवढं, त्यात मोती मशीनला दिसत नाहीत, आणि मध्ये चार इंच धूळ-मुरूम-प्लॅस्टिक-फटाक्याच्या तारा.

पण तुम्हाला थर माहीत आहे ना आता! नऊ इंचांवर १९७१, मुरुमाचा तळ म्हणजे १९९०. १९८३ ची कुडी त्याच्या मधल्या चिरोट्यात कुठेतरी असणार, बहुधा वरच्या निम्म्यात. मग आधी सगळा मुरूम फावड्याने सरकवून बाजूला काढा, मामी बसायच्या ती जागा त्यांनाच दाखवायला सांगा, आणि मग सारवणाच्या रेघा उघड्या झाल्या की कॉइल जमिनीला टेकवून, अगदी सावकाश फिरवा. मधलं अंतर निम्मं झालं की सिग्नल किती वाढतो ते वर लिहिलंय. सेन्सिटिव्हिटी फार वाढवू नका, नाहीतर जमीनच ओरडत बसेल. वाजलं की खणू नका, खुरप्याने पातळ पातळ काढा आणि माती चाळणीत घ्या. खड्डे न करता थराने उतरा.


फाइलवाला_काका
गुरुवार, दुपारी १:१५

कुडी मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची गरज नाही. लपवलेला निधी नाही, मालकीण हयात आहे, आणि समोर चाळणी घेऊन बसली असेल.


कोलबाडकर
गुरुवार, दुपारी १:२२

रविवारी मुरूम काढतोय. मामीने आत्ताच चुन्याने गोल करून ठेवलाय, म्हणाली हितं बसले व्हते, माझ्या डावीकडे मोठी जाऊ व्हती, तिच्या बाजूला पन बघा.